कंपनी बदलली की बिल उतरेल?

मोबाइलचं सिम बदलता येतं, मग विजेची कंपनी का बदलता येऊ नये? नाशिकमध्ये हा प्रश्न सोसायटीच्या सभेत निघतो, सातपूर-अंबडच्या उद्योजकांच्या बैठकीत निघतो आणि मे महिन्याचं बिल हातात पडलं की घराघरांत निघतो. प्रश्न रास्तच आहे. दरमहा हजार-दोन हजार रुपये मोजायचे आणि दुसरं दुकान मात्र नाही, हे कुणालाही खुपेल. मलाही खुपतं. तरीही ‘स्पर्धा येऊ द्या, दर आपोआप उतरतील’ हे त्यावरचं ठरलेलं उत्तर मला मान्य नाही. स्पर्धेला माझा विरोध नाही. ती जिथे आधी हवी तिथे कुणी मागत नाही आणि जिथे घाईने मागितली जाते तिथे तिचा भार गरिबाच्या अंगावर पडेल, हा माझा आक्षेप आहे.

आपल्या घरात इंधन तीन वाटांनी येतं. सिलिंडर जिन्याने येतो, गॅस पाइपातून येतो, वीज तारेतून. कंपनी बदलून हाती काय लागतं, ते या तिन्ही ठिकाणी निरनिराळं आहे.

सिलिंडरची कंपनी बदलण्याची मुभा आपल्याला २०१४ पासूनच आहे. इंडेन, भारत गॅस, एचपी यांपैकी एक सोडून दुसरी धरता येते. जुना सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा करायचा, नव्या वितरकाकडून नवा घ्यायचा. आपल्या ओळखीत असं किती जणांनी केलं ते आठवून पाहा. फारसं कुणी केलेलं नसेल, आणि त्याचं कारण आळस नव्हे. १४.२ किलोच्या घरगुती सिलिंडरचा भाव एका शहरात तिन्ही कंपन्यांचा सारखाच असतो. कंपनी बदलून रुपयाही वाचत नाही. वाचला तर मनस्ताप वाचतो. नंबर लावून दहा दिवस झाले तरी गाडी येत नसेल, डिलिव्हरीवाला जिना चढायचे वेगळे पैसे मागत असेल, तर वितरक जरूर बदलावा. पावतीवरच्या रकमेत घरपोच देण्याचा खर्च आधीच धरलेला असतो, हे कित्येक घरांना आजही ठाऊक नाही, आणि वरचे वीस-तीस रुपये वर्षानुवर्षं दिले जातात. गोदामातून सिलिंडर स्वतः आणला तर तो खर्च वजा होऊन मिळतो. दारात आलेल्या सिलिंडरचं वजन करून दाखवा म्हणणं हाही आपला हक्क आहे.

पण मुद्दा भावाचा. दुकानं तीन आणि भाव एक. दुकानं वाढली की भाव उतरतोच असं नाही, हे आपल्या स्वयंपाकघरात आपण कधीपासून पाहतो आहोत.

पाइप गॅसची स्थिती याच्या उलट आहे आणि नाशिककरांनी खरं लक्ष इथे घालायला हवं. नाशिक आणि धुळे हे जिल्हे, सोबत शेजारच्या वलसाडचा काही भाग, एवढ्या क्षेत्रात घरोघर गॅस पोचवण्याचा परवाना २०१८ मध्ये, निविदांच्या नवव्या फेरीत महाराष्ट्र नॅचरल गॅस लिमिटेड, म्हणजे एमएनजीएल, या कंपनीला मिळाला. त्यानंतर शहरात रस्ते खोदले गेले, पिवळे पाइप इमारतींच्या भिंतींवर चढले, अनेक घरांत मीटर बसले. या परवान्याबरोबर मक्तेदारीही येते. सुरुवातीची आठ-दहा वर्षं त्या क्षेत्रात दुसऱ्या कुणाला हा गॅस विकता येत नाही, आणि पाइपांचं जाळं तर २५ वर्षं त्या एकाच कंपनीच्या हाती राहतं. जमिनीत एवढा पैसा पुरणाऱ्याला काही काळ संरक्षण द्यावं, याला माझी हरकत नाही. हरकत पुढच्या गोष्टीला आहे.

विजेचा दर वाढवायचा तर महावितरणला राज्य वीज नियामक आयोगापुढे याचिका घेऊन जावं लागतं. खर्चाचा हिशेब मांडावा लागतो, लोकांच्या हरकती ऐकून घ्याव्या लागतात. पाइप गॅसला यातलं काहीही लागू नाही. पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळाला ग्राहकाचा दर ठरवण्याचा अधिकार कायद्याने दिलेला नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये दिल्लीच्या इंद्रप्रस्थ गॅसच्या प्रकरणात दिला. तेव्हापासून स्थिती स्पष्ट आहे: दर कंपनी ठरवते, दुसरा विक्रेता नाही आणि सुनावणीही नाही. घरगुती वापरासाठी देशी गॅस आधी दिला जातो, २०२३ पासून त्या गॅसच्या किमतीला सरकारने वरची मर्यादाही घातली आहे. चांगलंच आहे ते. मात्र त्या स्वस्ताईतली किती शेगडीपर्यंत पोचली आणि किती वाटेत राहिली, हे विचारायला ग्राहकाला जागाच नाही. पाइप घेतला की सिलिंडरची जोडणी परत करावी असाही नियम आहे, त्यामुळे मागे फिरायची वाट अवघड होते.

म्हणून पाइप घेऊच नये का? घ्यावा, पण हिशेब करून घ्यावा. एक किलोत, दुसरा घनमीटरमध्ये, त्यामुळे तुलना करताना माणूस गोंधळतो. उष्णतेच्या मापाने १४.२ किलोचा एक सिलिंडर म्हणजे साधारण १८ घनमीटर पाइप गॅस. तेव्हा सिलिंडरच्या चालू भावाला १८ ने भागा. येणारा आकडा पाइपच्या दरापेक्षा मोठा असेल तर पाइप स्वस्त, लहान असेल तर सिलिंडर. मग बिलातले ठरावीक आकार त्यात मिळवा. ज्या घरात दोनच माणसं आहेत आणि सिलिंडर दोन-अडीच महिने पुरतो, तिथे हे ठरावीक आकार वाचलेले पैसे खाऊन टाकू शकतात. मोठ्या कुटुंबाला, घरगुती डबे करणाऱ्या बाईला पाइप बहुधा परवडतो. हा साधा भागाकार जोडणी द्यायला येणाऱ्या माणसाने छापील कागदावर करून दाखवायला हवा. मी तरी तसा कागद कुठे पाहिलेला नाही.

आणि मक्तेदारीची मुदत संपल्यावर काय? नियामक मंडळ तेच जाळं सर्वांसाठी खुलं करू शकतं. पाइप एका कंपनीचा, त्यातून गॅस विकणारी दुसरी. कायद्यात तशी सोय आहे. पण दिल्ली-मुंबईत ही मुदत केव्हाच उलटून गेली, तरी तिथल्या घराला दुसरा विक्रेता मिळालेला नाही. कंपनी बदलायचा हक्क मागायचाच असेल तर इथे मागा. इथे दरावर कुणाचाच लगाम नाही, म्हणून इथे स्पर्धेची गरज सर्वांत जास्त आहे.

आता वीज. तारेची गोष्ट मोबाइलसारखी नाही. मोबाइल कंपनी बदलली की टॉवर बदलतो, यंत्रणा बदलते. विजेची कंपनी बदलली तरी घरात येणारी केबल तीच, कोपऱ्यावरची डीपी तीच, पहिल्या पावसात तारेवर पडणारी फांदी तीच. बदलतो तो वीज विकत घेऊन आपल्याला बिल पाठवणारा. आणि त्याने कितीही कसरत केली तरी बिलातला सर्वांत मोठा हिस्सा वीजखरेदीचा असतो. ती खरेदी वर्षानुवर्षांच्या करारांनी बांधलेली आहे.

नाशिककराला हे समजायला लांब जावं लागत नाही. एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या आपल्या डोळ्यांसमोर आहेत. २१० मेगावॅटचे तीन संच, राख आपल्या परिसरात, पण म्हणून नाशिकला वीज स्वस्त मिळत नाही. कोळसा लांबून आणावा लागतो, तिथलं युनिट महाग पडतं, आणि स्वस्त वीज आधी घ्यायची हा नियम असल्याने हे संच कित्येकदा थांबवून ठेवले जातात. थांबलेल्या संचाचा ठरावीक खर्च मात्र करारानुसार द्यावाच लागतो, आणि तो राज्यभरच्या बिलांत वाटला जातो. नवी कंपनी आली तर ती हे जुने करार डोक्यावर घेणार नाही. ती आजच्या बाजारातली स्वस्त सौर वीज घेईल आणि ‘आमचा दर कमी’ अशी जाहिरात करेल. जुन्या करारांचं ओझं कुणी वाहायचं? जे महावितरणकडे राहतील त्यांनी. त्यांची संख्या जितकी घटेल, तितका प्रत्येकाचा वाटा वाढेल.

मुंबई उपनगरांत हे घडून गेलं आहे. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टाटा पॉवरला घरगुती ग्राहकांना वीज विकण्याची वाट मोकळी केली. २००९ मध्ये आयोगाने, तिथे आधीपासून वीज देणाऱ्या रिलायन्सच्या तारांवरून टाटाची वीज देण्याची पद्धत घालून दिली. देशात कुठे सामान्य घराला वीजकंपनी निवडता आली असेल तर ती इथे. लाखो ग्राहक स्वस्त दरासाठी टाटाकडे गेले, आणि सुरुवातीला त्यांचे पैसे वाचलेही. मग अधिभार सुरू झाले. जुन्या कंपनीची थकलेली वसुली, मोठ्या ग्राहकाने लहान ग्राहकाचा उचललेला वाटा, हे सगळं गेलेल्या ग्राहकांच्या बिलात परत आलं. फरक आटत गेला. आणि २०१२ मध्ये आयोगाला असा आदेश काढावा लागला की टाटाने काही काळ महिन्याला ३०० युनिटपर्यंत वापर असलेली घरंच नव्याने घ्यावीत. हा आदेश माझ्या मते सगळ्यांनी नीट वाचावा असा आहे. मोकळं सोडलं की कंपनी मोठ्या बिलाच्या मागे जाते आणि चाळीतलं घर मागे राहतं, म्हणून तर तो काढावा लागला.

आता हेच नाशिकवर ठेवून पाहा. समांतर परवाना, म्हणजे महावितरण असतानाच त्याच भागात वीज विकण्याचा दुसरा परवाना, घेऊन एखादी कंपनी आली तर ती पहिल्यांदा कुठे जाईल? गंगापूर रोड, कॉलेज रोड, इंदिरानगर, अंबडचे कारखाने. एका ट्रान्सफॉर्मरवर भरपूर वापर, वसुली चोख, तारा आखूड. सुरगाण्याच्या एखाद्या पाड्यावर, जिथे चार घरांसाठी डोंगर ओलांडून तार न्यावी लागते, तिथे ती आपणहून कशाला जाईल? पेठला? हरसूलला? आज सुरगाण्याच्या घराला आणि गंगापूर रोडच्या घराला एकाच श्रेणीत एकच दर लागतो. तो दर टिकतो कारण दोघं एकाच हिशेबात आहेत. कारखानदार आणि जास्त वापरणारी घरं खर्चापेक्षा जास्त देतात, त्यातून पाड्यावरचा दिवा आणि निफाडच्या द्राक्षबागेचा पंप चालतो. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांची वीज सरकारने मोफत केली, त्यासाठी सरकार अनुदान भरतं. तरी शेतीचा सगळा भार तिजोरीवर नाही. त्यातला काही अजून इतरांच्या दरात आहे.

इथे एक प्रामाणिक प्रश्न उभा राहतो आणि तो टाळून चालणार नाही. अंबडच्या लघुउद्योजकाने, महिन्याची ओढाताण करून बिल वेळेवर भरणाऱ्या शिक्षकाने, इतरांची चोरी, थकबाकी आणि यंत्रणेची सुस्ती आपल्या बिलातून का भरावी? मक्तेदारी माणसाला बेफिकीर करते, हे खोटं नाही. तक्रार नोंदवायला फोन लावत बसलेल्या कुणालाही ते विचारा. मोठ्या उद्योजकांना तर निवडही आहे: २००३ च्या वीज कायद्याने एक मेगावॅटच्या वरच्या ग्राहकाला बाहेरून वीज घेण्याची वाट दिली, आणि २०२२ च्या नियमांनी हरित विजेसाठी ही अट १०० किलोवॅटवर आणली. म्हणजे मोठ्यांना दार उघडं आणि घरगुती ग्राहक आत कोंडलेला, अशी आजची विभागणी आहे. ती अन्यायाची आहे, हे मला मान्य.

पण सुस्ती घालवणं आणि दर उतरवणं ही दोन वेगळी कामं आहेत. भिवंडी पाहा. तिथे २००७ पासून वितरणाचं काम टोरंट पॉवरकडे आहे. गळती खूप घटली, वसुली सुधारली. ग्राहकाचा दर मात्र आयोगाने महावितरणसाठी ठरवला तोच राहिला. खाजगी व्यवस्थेने चोरी रोखली याचं श्रेय तिला द्यायलाच हवं. पण त्यातून घरगुती बिल कमी झालं असं कुणी सांगत असेल तर ते खरं नाही. जानेवारी २०२३ मध्ये भांडुप, ठाणे, नवी मुंबई भागातल्या समांतर परवान्याच्या अर्जाविरुद्ध वीज कर्मचारी संपावर गेले, तेव्हाही चर्चा ‘सरकारी की खाजगी’ एवढ्यावर अडली. गाभ्याचा प्रश्न मालकीचा नव्हता. तारांचा खर्च, जुन्या करारांचा खर्च आणि दुर्गम भागाचा खर्च कोण उचलणार, हा होता. त्याचं उत्तर ना सरकारने नीट दिलं, ना अर्जदार कंपनीने.

घराला वीज आणि गॅस दोन्हींची कंपनी निवडायची पूर्ण मोकळीक असलेला एक देश म्हणजे ब्रिटन. १९९० च्या दशकाच्या अखेरीस तिथे दोन्ही बाजार घरगुती ग्राहकाला खुले झाले. तारा आणि पाइप वेगळ्या कंपन्यांच्या, पुरवठादार फक्त खरेदी-विक्री करणारे. दरांची तुलना करून देणाऱ्या सेवा निघाल्या. जे लोक दरवर्षी तुलना करून कंपनी बदलत राहिले, त्यांचे पैसे खरोखर वाचले. जे बसल्या जागी राहिले, म्हणजे म्हातारे, गरीब, कागदपत्रांना घाबरणारे, त्यांच्याकडून जास्त दर घेतला जाऊ लागला. २०१६ मध्ये तिथल्या स्पर्धा आयोगाच्या चौकशीत असं निघालं की घरगुती ग्राहक वर्षाला सरासरी १४० कोटी पौंड जास्तीचे भरत होते. अखेर २०१९ पासून सरकारला दराला कमाल मर्यादा घालावी लागली. २०२१ मध्ये गॅस महागला आणि स्वस्त दराची आश्वासनं देणाऱ्या सुमारे तीस कंपन्या एकामागून एक बुडाल्या. त्यांचे ग्राहक दुसरीकडे हलवण्याचा खर्च सगळ्यांच्या बिलांवर चढला. तिथे शिक्षण, इंटरनेट, तक्रारींची यंत्रणा सगळं आपल्याहून जास्त असून हे झालं. आपल्याकडे वीजबिलाच्या मागची बाजू किती जण वाचतात?

म्हणून म्हणतो, आज घरात पैसे वाचवायचे असतील तर कंपन्यांची तुलना सोडा, इंधनांची तुलना करा. इथे आपल्याला आताच, कुणाच्या परवानगीशिवाय निवड आहे.

महावितरणच्या घरगुती दरात सर्वांत महत्त्वाची रेघ १०० युनिटची आहे. पहिल्या शंभर युनिटांना एक दर, त्यानंतर तीनशेपर्यंत जवळपास दुप्पट. त्यावर १६ टक्के विद्युत शुल्क. त्यामुळे वापर शंभराच्या वर असेल तर वाचवलेली युनिटं आधी वरच्या, महाग टप्प्यातली असतात. तुमचा वापर १३० असेल तर ते वरचे ३० युनिट कुठून येतात ते शोधा: जुना फ्रिज, गीझर, की गच्चीवरची टाकी भरूनही चालूच राहणारी मोटार. बिल बरंच खाली येईल, इतकं की कुठलीही नवी कंपनी एवढी सूट देणार नाही.

आता शेगडी की इंडक्शन. याबद्दल फार गैरसमज आहेत, म्हणून थोडं सविस्तर. एका सिलिंडरमधली उष्णता विजेच्या भाषेत साधारण १८० युनिटांएवढी. शेगडीवर त्यातली जेमतेम साठ टक्के भांड्यात जाते, उरलेली स्वयंपाकघर तापवते. इंडक्शन पंच्याऐंशी टक्क्यांच्या आसपास काम करतं. म्हणजे एका सिलिंडरचा स्वयंपाक विजेवर करायला सव्वाशेच्या आसपास युनिट लागतात. ही युनिटं दुसऱ्या टप्प्यात पडली तर अलीकडच्या दरांनी खर्च दीड हजाराच्या घरात जातो. सिलिंडर त्याहून पुष्कळ स्वस्त. पण घरात एकटा-दुकटा माणूस असेल, एकूण वापर शंभराच्या आतच राहत असेल, तर इंडक्शन आणि सिलिंडर जवळजवळ सारखे पडतात. आणि गच्चीवर सौर पॅनल असेल तर हिशेब पूर्ण उलटतो. एकच शेगडी, पण तीन घरांत तीन उत्तरं.

सौर पॅनलसाठी २०२४ पासूनच्या सूर्यघर योजनेत एक किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किंवा त्याहून जास्तीला ७८ हजार रुपये अनुदान आहे. नाशिकच्या उन्हात एक किलोवॅट महिन्याला साधारण शंभर-सव्वाशे युनिट देतो, पावसाळ्यात कमी. बंगला किंवा रो-हाउस असलेल्यांना हे सरळ जमतं. पण सिडकोपासून पाथर्डी फाट्यापर्यंत शहर फ्लॅटमध्ये राहतं आणि गच्ची सगळ्यांची असते. तिथे निदान लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे यांच्या सामायिक मीटरवर सौर वीज घेता येते. सोसायटीला त्यासाठी किलोवॅटमागे १८ हजार अनुदान आहे. मेंटेनन्स कशामुळे वाढला यावर तास तास भांडणाऱ्या सभांनी हा विषय एकदा तरी घ्यावा, असं मला फार वाटतं. भाडेकरूला मात्र यातलं काहीच नाही, आणि या योजनेचं ते मोठं उणेपण आहे.

छोट्या सवलती एका दमात सांगतो. टीओडी, म्हणजे वेळेनुसार दर लावणारं, मीटर बसलेल्या घरांना जुलै २०२५ पासून सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेत युनिटमागे सूट मिळू लागली, सुरुवातीला ती ८० पैसे होती. धुण्याचं यंत्र आणि इस्त्री तेव्हा चालवावी. बिल लवकर भरल्यास आकारावर एक टक्का सूट असते, कागदी बिल नाकारल्यास वेगळी. गरज नसताना थ्री फेज घेतलेलं असेल तर स्थिर आकार कितीतरी जास्त जातो, तो तपासावा.

घरातून होण्यासारखं एवढं. पण दर ठरतात घराबाहेर, आणि तिथे आपली गैरहजेरी मोठी आहे. महावितरणच्या दरवाढीच्या याचिकेवर आयोग जिल्ह्यांत सुनावणी घेतो, नाशिकलाही घेतो. तिथे उद्योजक संघटना तयारीने येतात, आकडे मांडतात. शेतकरी संघटनाही येतात. चारशे फ्लॅटच्या सोसायटीचा प्रतिनिधी सहसा दिसत नाही. हरकत मराठीत लिहिता येते, वकील लागत नाही. तिथे घरगुती ग्राहकाने विचारायला हवं की बंद ठेवलेल्या संचांपोटी किती रुपये दिले, शेतीच्या नावावर दाखवलेल्या युनिटांतली किती मीटरवर मोजलेली आणि किती अंदाजाने लिहिलेली, आणि गळतीचा हिशेब फीडरनिहाय, म्हणजे प्रत्येक वीजवाहिनीचा वेगळा, लोकांपुढे का ठेवत नाही. समांतर परवान्याचा अर्ज नाशिकसाठी आला, तर तोही याच आयोगापुढे येईल. त्या दिवशी आपली अट एकच असावी: तारांची कंपनी वेगळी आणि सर्वांना सारखी, आणि ज्याला कॉलेज रोड हवा त्याने सुरगाणाही त्याच दराने घ्यावा. ही अट मान्य असेल तर कुठलीही कंपनी येवो, मी तिचं स्वागत करेन.

पाइप गॅससाठी अशी सुनावणीच नाही, म्हणून तिथलं काम आधी आहे. दर ठरवण्याचा किंवा निदान तपासण्याचा अधिकार नियामक मंडळाला मिळायला हवा, आणि मक्तेदारीची मुदत संपताच जाळं दुसऱ्या विक्रेत्यांना खुलं करणं बंधनकारक व्हायला हवं. २००६ चा तो कायदा केंद्राचा आहे, बदल संसदेतच होईल. तेव्हा ग्राहक संघटनांनी आणि सोसायट्यांच्या महासंघांनी नाशिक आणि दिंडोरी या दोन्ही मतदारसंघांच्या खासदारांकडे ही मागणी लेखी द्यावी, आणि पोच घेऊन ठेवावी.